पक्क्या बांधणीचा व्हिसा

मी फक्त एक टाका घालणार होतो. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आमच्या घरात ही हकिगत कुणी सांगायला बसलं की सुरुवातच "आजोबांनी पुस्तक केलं" अशी होते, आणि त्या एका टाक्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

माझा धंदा पुस्तकबांधणीचा. पन्नास वर्षं केला. शाळांचे हजेरीपट, वकिलांचे ग्रंथ, वाचनालयातल्या फाटक्या कादंबऱ्या, सगळं या हातांखालून गेलं. दुकान आता बंद केलंय, पण कापायचं यंत्र, दाबायचं यंत्र आणि सोनेरी अक्षरं उठवायचे ठसे घराच्या मागच्या खोलीत आहेत. शिक्षण माझं चौथीपर्यंत. इंग्रजी येत नाही. (अक्षरं ओळखतो. पण ती एकमेकांशेजारी उभी राहिली की मला ओळख देत नाहीत.)

घरात आम्ही चौघं. मी, आमची ही, सूनबाई आणि नात. मुलगा जहाजावर इंजिनाकडे असतो, वर्षातले आठ महिने पाण्यावर. नातीला सगळे बारकी म्हणतात. आता ती माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं. इस्पितळात नर्स आहे. गेल्या वर्षी एक दिवस जेवताना तिने सांगितलं, की तिला एका नॉर्डिक देशात जायचंय.

नॉर्डिक म्हणजे कुठे, ते तिने भिंतीवरच्या नकाशात दाखवलं. तो देश इतका वर होता, की नकाशाच्या लाकडी पट्टीखाली अर्धा झाकला गेला होता. तिथे म्हणे म्हातारी माणसं पुष्कळ आणि त्यांना बघायला हात कमी.

"इथले म्हातारे कमी पडले का?" ही म्हणाली, आणि मुद्दाम खोकली.

"आजी, तुम्ही दोघं म्हातारे कुठे आहात अजून," बारकी म्हणाली. यावर ही चार दिवस खूश होती, आणि त्या चार दिवसांत पोरीने अर्ज करून टाकले. आम्हाला उशिरा कळलं.

अर्ज दोन केले होते, आणि दोन्हीकडून होकार आला. एका विद्यापीठाने वृद्धांच्या देखभालीच्या दोन वर्षांच्या शिक्षणाला प्रवेश दिला, आणि एका वृद्धाश्रमाने नोकरी देऊ केली. म्हणजे शिकायच्या परवान्यावर जायचं, की कामाच्या? इथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. सूनबाईचं म्हणणं, शिकायला जा, पदवी कुणी काढून घेत नाही. जहाजावरून मुलाचं म्हणणं, कामाला जा, शिक्षण पुरे झालं. (त्याचा फोन मध्येच तुटायचा. मत काही तुटायचं नाही.) हिचं म्हणणं, कुठेच जाऊ नको. माझं मत कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं, कारण मला दोन्हींतला फरक कळला नव्हता. जायची तर एकच पोर होती, एकाच देशात. तिला दोन तऱ्हेने कसं जाता येईल?

मग सल्लागार गाठला. त्याच्या खोलीत भिंतभर झेंडे, आणि गळ्यात टाय. घरात आम्ही त्याला टायवालाच म्हणायचो. त्याने कागदावर बाण काढून तिसराच मार्ग दाखवला, आधी तिकडे जायचं आणि मग नोकरी शोधायची. त्याचा परवाना पुन्हा वेगळा. शिकणाऱ्याला आठवड्याला किती तास काम करता येतं, काम करणाऱ्याला शिकता येतं का, शिकून झाल्यावर राहता येतं का, काहीही विचारा, तो म्हणायचा, "डिपेंड करतं." शेवटी मी त्याला विचारलं, की तिकडे थंडी किती असते. त्यावरही तो म्हणाला, "डिपेंड करतं."

दोन महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. दुधवाल्यालासुद्धा परवान्यांचे प्रकार तोंडपाठ झाले होते. अखेर बारकीनेच ठरवलं, की शिकायला जायचं. वृद्धाश्रमाचे कागद मात्र जपून ठेवायचे. शिकायचा परवाना नाकारला गेलाच, तर मग तो रस्ता. टायवाल्याने बजावलं, दोन्ही कागद एका वेळी दाखवायचे नाहीत, तपासणाऱ्याला शंका येते की हिला नक्की करायचंय तरी काय. आणि सगळे कागद सुटे न्यायचे, साधी टाचणीसुद्धा नको, ते यंत्रातून एकेक जातात. हे तो माझ्यासमोर बोलला असं तिघीजणी शपथेवर सांगतात. असेल. मी त्या वेळी भिंतीवरचे झेंडे बघत होतो. एकाची शिवण उसवली होती.

व्हिसाचे कागद घेणाऱ्या केंद्रात गुरुवारी सकाळी दहाची वेळ मिळाली. बुधवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर कागदांचे दोन ढीग होते. शिकायचे कागद पाण्याच्या तांब्याखाली, कामाचे कागद साखरेच्या डब्याखाली. बारकी ड्यूटीवर गेलेली, सूनबाई कचेरीत. निघताना तिने सांगितलं होतं, "बाबा, कागदांवर लक्ष ठेवा. आणि पंखा लावू नका." ही आत झोपली होती.

मी तास दीड तास लक्ष ठेवलं. घामाच्या धारा लागल्या. मग विचार केला, तांबा जड आहे, डबा भरलेला आहे, एक नंबरवर लावला तर काय बिघडतंय. म्हणून पंखा लावला, आणि तहान लागली म्हणून तांबा उचलला.

कागद खोलीभर झाले. एक कपाटाखाली, दोन मोरीच्या दाराशी. ते वेचताना माझी कंबर धरली. कुठला कागद कुठल्या ढिगाचा, हे देवालाच ठाऊक. पण सगळे कागद आपल्याच पोरीचे, असा विचार करून मी ते एकत्र केले. आणि खरं सांगतो, माझा संताप झाला होता. पोर एवढी लांब निघाली, आणि तिचं सगळं नशीब असं सुटं? एका फुंकरीने उडणारं? म्हणून ठरवलं, की एक टाका घालावा. कोपऱ्यात. नुसता अडकवण्यापुरता.

मागच्या खोलीत नेऊन टाका घालायला बसलो, तर कागद सारखे नव्हते. काही लांब, काही आखूड. लहानमोठी पानं सरमिसळ ठेवून शिवणं माझ्या हाताला जमत नाही. म्हणून आधी मापाने लावले. मापाने लावले तर एका टाक्यात ते राहीनात, म्हणून पाच घातले. पाच घातले तर कडा वेड्यावाकड्या दिसायला लागल्या, म्हणून तिन्ही बाजूंनी एकेक बोट कापल्या. आता एवढं सुबक झालेलं उघडं कसं ठेवायचं? पुठ्ठा घातला. पुठ्ठ्यावर निळं रेक्झिन. कागदांबरोबरच ठेवलेल्या पासपोर्टसाठी मागच्या पुठ्ठ्याला आतून खिसा केला, अगदी अंगाबरोबर, हलायला नको म्हणून, आणि तो त्यात सरकवला. आणि नाव नसलेलं पुस्तक मी आयुष्यात गिऱ्हाइकाला दिलेलं नाही. पहिल्या पानावर सगळ्यांत ठळक अक्षरांत जे छापलेलं होतं, ते एकेक अक्षर बघून सोनेरी उठवलं. तीन ओळी झाल्या. शेवटची जरा दाटीत बसवावी लागली.

संध्याकाळी सूनबाईने रिकामं टेबल बघून विचारलं. मी म्हटलं, नीट ठेवलेत, सकाळी देतो. माझ्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते तिला भरवशाचं वाटलं असावं.

सकाळी सातला पुस्तक दाबातून काढलं आणि बारकीच्या हातात ठेवलं. तिने पहिलं पान उघडलं. मग दुसरं. मग एकदम मधलं. मी शाबासकीची वाट बघत उभा होतो.

"आजोबा," ती फार हळू बोलली, "पानांच्या खाली काळ्या उभ्या रेघा होत्या, त्या कुठे गेल्या?"

"त्या होय. छपाईची घाण होती. कापली."

"ते बारकोड होते. आणि विद्यापीठाच्या पत्रावर गोल शिक्का होता."

"अजून आहे की."

"अर्धा आहे." तिने पुस्तक मिटलं. "कातरण कुठे टाकलंत?"

कातरण पहाटेच कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. मीच हौसेने खाली नेऊन दिलं होतं. सूनबाई खुर्चीत बसली आणि नुसतं "बाबा" म्हणाली. पंचवीस वर्षांत तिने मला उलट उत्तर दिलेलं नाही, पण त्या एका "बाबा"मध्ये सगळी थकबाकी वसूल झाली.

बोलली ती आमची ही. ती दारात उभी होती.

"मुद्दाम केलंत ना? पोरगी जाऊ नये म्हणून."

मी म्हटलं, असं कसं करेन मी. पण आवाज हवा तेवढा मोठा निघाला नाही. बारकीने माझ्याकडे बघितलं, आणि पटकन दुसरीकडे बघितलं. ते मला लागलं. पोर गेली असती तर आठवण आली असती, रडू आलं असतं, ते मी सोसलं असतं. पण आपला आजा आपल्या वाटेत उभा राहिला असं मनात घेऊन ती इथे राहिली असती, तर मी काय करणार होतो? मी निमूटपणे दाभण, सुरी, लोखंडी पट्टी आणि लाकडी हातोडी पिशवीत भरली. तिथे बसून सगळं उसवून देतो म्हटलं.

त्या केंद्राच्या दारात पहारेकऱ्याने पिशवी उघडली. एकेक हत्यार काढून टेबलावर मांडलं. हातोडीपर्यंत आल्यावर त्याने मला विचारलं, "आजोबा, आत कशासाठी जायचंय?"

"नातीच्या व्हिसासाठी."

त्याने दुसऱ्या पहारेकऱ्याला बोलावलं.

बारकीने कशीबशी समजूत घातली. हत्यारांसह आत जायला मनाई, पायऱ्यांवर बसायला हरकत नाही, असं ठरलं. मग मी पायरीवर बसून उसवायला लागलो, आणि दोन्ही पहारेकरी माझ्या डोक्यावर उभे. पन्नास वर्षं गिऱ्हाइकांना मी एकच शब्द दिला होता, की पान सुटणार नाही. ते सुटत नव्हतं. आपल्याच हातांचा असा राग मला कधी आला नव्हता. एक पहारेकरी म्हणाला, मजबूत काम आहे. एरवी मला आनंद झाला असता. शेवटी पावणेदहाला शिवण सुटली, बारकीने भराभर पानं वाचून दोन ढीग केले, आणि आम्ही आत गेलो. पासपोर्ट खिशातून निघेना. खळ वाळली की पुठ्ठा आवळतो, हे मी नवशिक्यांना शिकवत आलो होतो. तेव्हा रिकामा पुठ्ठाही सोबत घेतला.

खिडकीवर चष्मा लावलेल्या एक बाई होत्या. मला मागच्या बाकावर बसवलं होतं, पण काचेतून ऐकू येत होतं. बाईंनी भोकं पडलेले कागद उजेडात धरून बघितले. मग पुठ्ठा उलटा करून सोनेरी अक्षरं वाचली. दोनदा वाचली.

"यावर लिहिलंय, अपुरा अर्ज स्वीकारला जाणार नाही," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही करून आणलंत?"

बारकी म्हणाली, की आजोबांनी केलंय. बाई पुढचे कागद चाळत होत्या. एका पानावर त्यांचा हात थांबला. घाईत वृद्धाश्रमाचं एक पान या ढिगात राहून गेलं होतं.

"तुम्हाला शिकायला जायचंय की कामाला?"

हाच तो प्रश्न, ज्याला टायवाला भीत होता. बारकीने त्या पानाकडे बघितलं. मग म्हणाली, "शिकायला. पण जे काम इथे रोज करते, तेच नीट करता यावं म्हणून शिकायला. हे पान चुकून आलंय, पण त्यात खोटं काही नाही."

मला बसवेना. उठून खिडकीशी गेलो. मला भरभर बोलता येत नाही, माझ्या एका वाक्यात दुसऱ्याची तीन होतात. तरी बाई थांबल्या. मी म्हटलं, "बाई, हे सगळं माझं काम आहे. मला ते वाचता येत नाही, मी मापाने लावलं. कडा वाकड्या होत्या म्हणून कापल्या. पोरीची यात काही चूक नाही. मी तिच्या घरात राहतो, एवढंच तिचं चुकलं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग समजावून सांगितलं, की परवाना द्यायचा की नाही हे त्या ठरवत नाहीत, त्या फक्त कागद तपासून पुढे पाठवतात, आणि हे कागद पुढे पाठवले तर तिकडचा माणूस खुर्चीवरून पडेल. सोमवारी दुपारी चारची एक वेळ रिकामी आहे. अर्ज नवा छापून आणा, विद्यापीठाचं पत्र पुन्हा मागवा, पासपोर्ट त्या पुठ्ठ्यातून बाहेर काढा.

"सगळं सुटं," त्या बारकीला म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून, "आणि सोमवारी त्यांनी एकट्यानेच यावं."

बाहेर येऊन पहारेकऱ्याकडून सुरी मागून घेतली आणि पुठ्ठा चिरला. पासपोर्ट धडधाकट निघाला. फक्त खळीचा वास येत होता.

परतीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो होतो. तीन थांबे गेले. मग खिडकीबाहेर बघत बारकीने विचारलं, "आजोबा, आजी म्हणते तसं मुद्दाम केलंत?"

मी विचार केला. तिला खोटं सांगायचं नव्हतं.

"नाही," मी म्हटलं. "पण शिवताना एकदा वाटलं, की इतकं घट्ट शिवावं की सुटूच नये."

तिने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. दुसऱ्या हाताने पर्समधला पासपोर्ट काढला आणि माझ्यापासून लांबच्या खिशात ठेवला.

विद्यापीठाने दुसऱ्याच दिवशी ईमेलने पत्र पुन्हा पाठवलं. पहिल्याचं काय झालं, असं विचारलंसुद्धा नाही. (तिकडची माणसं समजूतदार असावीत. किंवा त्यांच्याकडेही म्हातारे असतात.) शनिवार-रविवार कागद घरात होते, तेव्हा मला गॅलरीत खुर्ची टाकून दिली होती. चहा तिथे, जेवण तिथे. सोमवारी बारकी एकटी गेली आणि अर्ज घेतला गेला.

पुढचे सात आठवडे काय सांगू. घंटा वाजली की चौघं दाराकडे. वर्तमानपत्र माझ्या हातात सगळ्यांत शेवटी यायला लागलं, आणि तेही ही शेजारी बसल्याशिवाय नाही. घरपट्टीचा कागद आला तर सूनबाई तो पदराआड घेऊन आत जायची. मुलाने जहाजावरून फोन करून विचारलं, "बाबांची हत्यारं कुठे ठेवलीत?" मी शेजारीच उभा होतो.

मग एके सकाळी मी दाढी करायला न्हाव्याकडे गेलो असताना पत्र आलं. दोन वर्षांचा शिकायचा परवाना मिळाला होता. मी घरी पोचलो तोवर तिघींचं रडून झालं होतं. बारकीने मला वाकून नमस्कार केला, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवून उभा राहिलो. पोर जाणार हे खरं झालं होतं, आणि माझ्यामुळे अडलं नाही हेही खरं झालं होतं. दोन्ही एकदमच आल्यामुळे डोळ्यांतलं पाणी नक्की कशाचं, ते मला सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने मी म्हटलं, एकदा ते पत्र हातात द्याल का. फक्त बघतो.

तिघींनी एकमेकींकडे बघितलं. सूनबाई आत गेली. तिला जरा वेळ लागला. बाहेर येऊन तिने मला खुर्चीत बसवलं, हात पुसायला लावले, आणि पत्र दिलं. मी ते दोन्ही तळव्यांवर घेतलं. कोपरा अंगठा आणि बोटात धरून हलकेच चोळला, कानाशी नेऊन वाजवून बघितला.

"हा बघा कागद," मी म्हटलं. "हा तिकडचा कागद. कसा गार लागतो हाताला, बर्फाच्या देशातला. आपल्याकडे जन्मात असा व्हायचा नाही. पन्नास वर्षं यात काढली, डोळे मिटून सांगतो." आणि खरोखरच डोळे मिटून तो कपाळाला लावला.

बारकी खाली बघत होती.

"अगं, सांगा त्यांना कुणीतरी," ही म्हणाली.

"बाबा," सूनबाई म्हणाली, "ती कोपऱ्यावरच्या दुकानातली झेरॉक्स आहे. खरं पत्र मघाशीच शेजारच्या काकूंच्या कपाटात ठेवून आले. किल्लीही त्यांच्याचकडे आहे."